दोनच्या आत

वेल्डिंग मला येतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी चांगलीच शोभा झालेली आहे, आणि ते ऐकून कोणी म्हणायला नको की याला मुळात काही येतच नसणार. एकतीस वर्षं मी एकाच कारखान्याच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये लोखंडाला लोखंड जोडतोय. माझा जोड सुटलेला कोणी आणून दाखवावा, मी मिशा उतरवून देईन. आजवर कोणी आणलेला नाही. मिशा जागेवर आहेत.

पण गोष्ट माझी नाही, वहिनींची आहे. माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही दोघं एकाच कारखान्यात. मी शेडमध्ये आणि त्या टेस्ट बेडवर, म्हणजे तयार झालेला पंप गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी जिथे चालवून बघतात तिथे. कारखान्यात सगळे त्यांना 'पॉइंटबाई' म्हणतात. तोंडावर नाही हं, पाठीमागे. त्यांना ते माहीत आहे, आणि मला वाटतं मनातून आवडतंही.

हे नाव कसं पडलं ते सांगतो. पोरं शाळेत जायला लागली तेव्हा वहिनी आमच्या स्टोअरमध्ये कामाला लागल्या. मीच चिकटवून दिलं, याची नोंद असू द्या. खिडकीत बसायचं, नट-बोल्ट, वॉशर मोजून द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, की झालं. त्या वेळी टेस्ट बेडवर एक म्हातारे साहेब होते, भारी तिरसट. यंत्रावरचा आकडा वाचून लिहायला त्यांना माणूस लागायचा आणि कोणी टिकायचं नाही. कारण आमची माणसं दिलदार. तीन पॉइंट चार दिसलं की तीन लिहायची. वरचा पॉइंट चार म्हणजे काय, किरकोळ! साहेब शिव्या घालायचे, माणूस पळून जायचा. एकदा कोणीच नव्हतं म्हणून खिडकीतून वहिनींना बोलावलं. त्यांनी दिवसभर आकडे लिहिले. संध्याकाळी साहेबांनी वही चाळली आणि म्हणाले, "या बाईंचा तीन पॉइंट चार हा तीन पॉइंट चारच असतो." दुसऱ्या दिवसापासून वहिनी बेडवर.

नुसतं लिहून त्यांचं भागेना. आकडा का वाढला, का उतरला, हे कळायला हवं म्हणून संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. दादा, म्हणजे माझा भाऊ, शिंपी. घरातच पुढच्या खोलीत त्याचं दुकान. तो शिलाई मारता मारता मांडीवर पुस्तक धरायचा आणि प्रश्न विचारायचा, वहिनी स्वयंपाकघरातून उत्तरं द्यायच्या. दादाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण उत्तर बरोबर आहे का ते पुस्तकात बोट ठेवून तपासायचा. पहिल्या वेळी वहिनी नापास झाल्या. निकाल वाचला, डबा भरला आणि कामावर आल्या. मी म्हटलं, "वहिनी, सोडा आता." तर म्हणाल्या, "भाऊजी, चार मार्क कमी पडलेत. चारच." पुढच्या वेळी पास झाल्या.

म्हातारे साहेब निवृत्त झाले तेव्हा मालकांनी बेड वहिनींच्या हाती दिला, पण 'तात्पुरता'. तात्पुरतं हा शब्द आमच्या मालकांना फार प्रिय. टेस्ट बेडवरचा पत्राही तात्पुरताच टाकला होता, त्याला आता चौदा वर्षं झाली.

आता आमचे पंप कसले ते समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. उभे पंप. खोल टाकीत लांबच लांब नळा सोडलेला असतो, त्याच्या तळाशी पाणी उचलणारी पाती. वर जमिनीवर एक पोलादी बैठक, तिला आम्ही स्टूल म्हणतो, आणि त्या स्टूलवर मोटर उभी. मोटर माझ्यापेक्षा उंच आणि माझ्यापेक्षा कितीतरी जड. एवढं वजन उंचावर जाऊन फिरायला लागलं की थोडं डुलणारच. ते किती डुलतं ते मोजायचं एक लहानसं यंत्र असतं, मोटरच्या डोक्यापाशी चिकटवायचं. व्हायब्रेशन जास्त असलं तर बेअरिंग खातं, बोल्ट ढिले करतं, आणि एक दिवस पंप बंद. आमच्याकडे नेहमीची मर्यादा चार पॉइंट पाच. त्यात आम्ही झोपेतसुद्धा पास व्हायचो.

मग सहा पंपांची ऑर्डर आली. एका मोठ्या पाणीपुरवठा केंद्राची. मालक इतके खूश की त्यांनी कंत्राट नीट न वाचताच सही ठोकली. वाचलं वहिनींनी. सतराव्या पानावर लिहिलं होतं, मोटरच्या वरच्या बेअरिंगपाशी व्हायब्रेशन सेकंदाला दोन मिलिमीटरच्या आत. दोन! आमच्या शेडमध्ये कोणाला खरंच वाटेना. एक जण म्हणाला, बंद पंपाचं तरी दोनच्या आत येतं का बघा.

मालकांनी सगळ्यांना बेडजवळ गोळा केलं. वहिनींकडे बघून म्हणाले, "बाई, पहिला पंप शुक्रवारी त्यांच्या इन्स्पेक्टरसमोर चालवायचा आहे. पास झाला, तर बेड तुमचा. नाही झाला, तर मी बाहेरून माणूस आणतो, आणि तुम्ही आपल्या परत स्टोअरच्या खिडकीत." चारचौघांत म्हणाले. वहिनींनी फक्त विचारलं, "किती वाजता येणार आहेत इन्स्पेक्टर?"

माझं पित्त खवळलं. अकरा वर्षं आकडे लिहिणाऱ्या, परीक्षा दिलेल्या बाईला पुन्हा वॉशर मोजायला बसवणार? मी मनाशी म्हटलं, बघतोच. वहिनींची अब्रू पणाला लागली आहे, आपण हात आखडता घ्यायचा नाही. त्या पंपाचं स्टूल माझ्याकडे होतं. ड्रॉइंग बघितलं तर मला हसू आलं. एवढी थोरली मोटर आणि तिच्याखाली हे काटकुळं स्टूल! दोन बाजूंना दोन मोठ्या खिडक्या, मध्ये पत्रा, आधाराला काही नाही. असली कागदी कामं करणारे लोक लोखंड हातात कधी घेतात की नाही कोण जाणे. मी स्टूल ड्रॉइंगप्रमाणे केलं आणि वर माझ्या पदरचे चार जाड पट्टे उभे जोडले. असा जोड की हत्ती उभा करा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला सांगितलंही नाही. आमच्या जुन्या स्टूलांना पट्टे असायचेच, त्यामुळे बघणाऱ्याला त्यात वावगं काही वाटलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वहिनींचा नियम असा की कुठलाही भाग बेडवर चढण्याआधी त्या स्वतः ड्रॉइंग आणि टेप घेऊन जाणार आणि मापं ताडून बघणार. ओतकाम असो, खरादीचं काम असो, कोणाची गय नाही. खरादी तर त्यांना लांबून येताना बघूनच घामाघूम व्हायचा. पण माझ्या शेडच्या दारात आल्या की टेप खिशातच राहायची. "झालं का भाऊजी?" एवढंच विचारायच्या. मी म्हणायचो, "झालं." की स्टूल बेडवर. मला त्याचा काय अभिमान! चहाच्या टपरीवर चार लोकांना ऐकवायचो, माझं काम वहिनीसुद्धा मोजत नाहीत.

सोमवारी पंप चालू केला. वहिनी शिडीवर चढल्या, यंत्र मोटरच्या डोक्यापाशी लावलं, खाली उतरल्या आणि वहीत लिहिलं, चार पॉइंट सहा.

दुपारपर्यंत त्यांनी सगळं पालथं घातलं. पायाचे बोल्ट आवळून बघितले. बैठक सपाट आहे का बघितली. मोटर खाली उतरवून एकटीच जमिनीवर चालवली, तर गुणी मुलीसारखी शून्य पॉइंट सहा. दांडा सरळ, कपलिंग बरोबर. मोटर चांगली, पंप चांगला, आणि दोघं एकत्र आले की चार पॉइंट सहा. मालक येरझाऱ्या घालत होते. मी पुढे झालो. "साहेब, मी सांगतो. स्टूल अजून मजबूत करायला हवं. मला आजची संध्याकाळ द्या." मालक म्हणाले, "घे." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "करून बघा भाऊजी. आकडा काय म्हणतो ते कळेल."

मी आणखी चार पट्टे टाकले, आणि सगळ्यांना बांधणारं एक कडं. मंगळवारी सकाळी पंप पुन्हा चालू. वहिनी शिडीवर चढल्या आणि या वेळी उतरल्याच नाहीत. वरूनच ओरडल्या, "बंद करा!" मोटरचं डोकं नुसत्या डोळ्यांना हलताना दिसत होतं. आकडा होता नऊ पॉइंट दोन.

शेडमधले लोक फार चांगले असतात, असं म्हणतात. माझ्या शेडमधला एक जण म्हणाला, "मिस्त्री, अजून चार टाका, पंप चालत चालत स्वतःच गिऱ्हाइकाकडे जाईल." सगळे फिदीफिदी हसले.

मालकांचं मात्र डोकं चाललं. त्यांनी यंत्र घेतलं आणि स्वतः मोटरच्या खालच्या फ्लँजवर, म्हणजे मोटर स्टूलला जोडतात त्या कडेवर, टेकवून पंप क्षणभर चालवायला लावला. खाली हालचाल कमीच असते. एक पॉइंट नऊ. मालकांचा चेहरा खुलला. "बाई, हे बघा. इथे घ्या रीडिंग. हेही मोटरचंच व्हायब्रेशन आहे ना?"

"कंत्राटात वरचं बेअरिंग लिहिलंय," वहिनी म्हणाल्या.

"अहो, तो इन्स्पेक्टर काय शिडी चढणार आहे?"

"तो नाही चढला तरी मी चढले आहे साहेब. मला वरचा आकडा माहीत आहे."

"मग शुक्रवारी स्टोअरची किल्ली घेऊन जा," असं म्हणून मालक तरातरा निघून गेले. वहिनींनी वही उघडली. सोमवारच्या ओळीखाली नऊ पॉइंट दोन लिहिलं, वेळ लिहिली, सही केली. मला ते बघवेना. मी म्हटलं, "वहिनी, हा आकडा तरी कशाला लिहिता? आपल्याच पायावर धोंडा." त्या म्हणाल्या, "हाच तर कामाचा आकडा आहे. पट्टे वाढवले आणि व्हायब्रेशन वाढलं. म्हणजे काहीतरी उलटं आहे." मला वाटलं, बिचाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. आमचं जेवण एकत्रच असतं. मी तावातावाने बोलत होतो. ड्रॉइंगवाल्याला शिव्या, मोटरवाल्याला शिव्या, गिऱ्हाइकाला शिव्या. म्हटलं, इतकं मजबूत करून दिलं, पदरची मेहनत घातली, आणि वर हे ऐकून घ्यायचं. दादा शांतपणे जेवत होता. म्हणाला, "समजा एका गिऱ्हाइकाने मला कोट शिवायला सांगितला. मी मेहनत म्हणून त्याला जास्तीच्या दोन बाह्या लावल्या. तो माझे आभार मानेल का रे?"

मी त्याला काहीतरी टोला हाणणार होतो, पण वहिनींचा हात ताटातच थांबला होता. "पदरची मेहनत म्हणजे काय भाऊजी?" त्यांनी विचारलं. "ड्रॉइंगमध्ये पट्टे किती होते?"

मी घास खाली ठेवला. "ड्रॉइंगमध्ये नव्हते," मी म्हटलं.

"कालचे चार सोडून. पहिले चार?"

"तेसुद्धा नव्हते."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. दीर असलो म्हणून काय झालं, त्यांच्या जागी मी असतो तर भांडं फेकून मारलं असतं. वहिनी उठल्या. हात धुतले, कपाटातून ड्रॉइंगची प्रत काढली आणि दादाच्या कापड कापायच्या टेबलावर पसरून बसल्या. बऱ्याच वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "मी मोजलं का नाही?" माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवारी सकाळी त्यांनी पंप चालू केलाच नाही. सगळं बंद ठेवलं, यंत्र वर लावलं आणि रबराच्या तोंडाची हातोडी घेऊन मोटरच्या डोक्याला एक ठोका दिला. थांबल्या, आकडा बघितला. मग आडव्या बाजूने एक ठोका. लोक कामं सोडून बघायला आले. मालकही आले. "बाई, पंप चालवायचा सोडून त्याला मारताय काय?"

वहिनींनी मलाच जवळ बोलावलं. "भाऊजी, लहानपणी झोका द्यायचात ना? झोका आपल्या लयीत येतो-जातो. त्याच लयीत धक्का दिला तर दोन बोटांनीसुद्धा उंच जातो. भलत्याच लयीत दिला तर कितीही जोर लावा, जात नाही." मी मान डोलावली. "हे स्टूल आणि मोटरसुद्धा ठोकली की आपल्या लयीत हलते. हा पंप मिनिटाला चौदाशे ऐंशी फेऱ्या फिरतो, आणि प्रत्येक फेरीला एक हलका धक्का देतो. तुमच्या आठ पट्ट्यांनंतर हे स्टूल मिनिटाला किती वेळा हलतं माहीत आहे? चौदाशे साठ."

मला कळायला क्षणभर लागलं. कळलं तेव्हा कानशिलं गरम झाली.

"ड्रॉइंगवाल्याने मुद्दाम मोकळं ठेवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या हिशोबाने हे साडेअकराशेच्या आसपास हलायला हवं, म्हणजे पंपाच्या लयीपासून बरंच खाली. तुम्ही जितकं घट्ट केलंत, तितकं त्याला वर, पंपाच्या लयीकडे ढकललंत."

"म्हणजे मी जास्त मजबूत केलं म्हणून ते हललं?"

"हो."

एकतीस वर्षांत मला कोणी असं वाक्य ऐकवलं नव्हतं. मालक घाबरून म्हणाले, "पट्टे काढले आणि मोटर खाली आली तर?" वहिनी म्हणाल्या, "यायची नाही. लवचिक आहे, कमजोर नाही." मी आपली शेवटची धडपड केली. "वहिनी, नंतरचे चार काढू. पहिले राहू देत. फार सुंदर जोड आहेत हो ते." त्या हसल्या. आठवड्यात पहिल्यांदाच हसल्या. "सगळे, भाऊजी."

तर सगळे. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. माझे पट्टे मीच कापले, मीच घासले, ड्रॉइंगमध्ये दिसतं तसं स्टूल गुळगुळीत करून दिलं. अर्धा दिवस गेला. एकेक पट्टा खणकन खाली पडायचा आणि मी तो उचलून जोड निरखून बघायचो. एक सांगतो, एकही जोड स्वतःहून सुटला नाही, प्रत्येकाला कापावंच लागलं. तेवढं समाधान.

गुरुवारी मोटर पुन्हा चढवली. वहिनींनी आधी ठोका दिला. अकराशे साठ. मग म्हणाल्या, "चालू करा," आणि शिडीवर चढल्या. मी खाली शिडी धरून उभा. वरून काही बोलेनात. माझा जीव टांगणीला. "वहिनी, आकडा?" शेवटी खाली उतरल्या आणि वही माझ्यापुढे धरली. एक पॉइंट सहा. मी इतक्या जोराने ओरडलो की ओतशाळेतले लोक धावत आले, त्यांना वाटलं अपघात झाला.

मालकांनी खुशीत वहिनींना ऑफिसात बोलावलं. रिपोर्टवर एकच रीडिंग घाला म्हणाले, एक पॉइंट सहा. मागचं उगाळून काय उपयोग? वहिनी "बरं, बघते" म्हणाल्या. त्यांचं "बघते" मला घरात ऐकून ऐकून पाठ झालेलं आहे. त्याचा अर्थ "नाही" असा होतो. मालकांना बिचाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी इन्स्पेक्टर आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, बोलायला कंजूष. आल्या आल्या विचारलं, "शिडी कुठे आहे?" मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. इन्स्पेक्टरने स्वतःचं यंत्र आणलं होतं. दोन तास पंप चालवला, बेअरिंग पूर्ण तापेपर्यंत. दर पंधरा मिनिटांनी हा माणूस वर चढायचा. शेवटचा आकडा एक पॉइंट आठ. त्याने मान हलवली आणि रिपोर्ट मागितला.

रिपोर्टची चार पानं होती. इन्स्पेक्टरने खुर्ची ओढली आणि वाचायला बसला. मालकांनी वहिनींकडे असे डोळे वटारले की मीच घाबरलो.

"नऊ पॉइंट दोन?" इन्स्पेक्टर म्हणाला.

"हो," वहिनी म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी. कारण खाली लिहिलंय."

त्याने मोठ्याने वाचलं. "स्टूलवर ड्रॉइंगबाहेरचे पट्टे होते. बेडवर घेण्याआधी स्टूल ड्रॉइंगशी ताडून बघितलं नाही. चूक चाचणी विभागाची." मग चष्म्यावरून वर बघितलं. "का नाही बघितलं?"

त्या काहीही सांगू शकल्या असत्या. घाई होती, ड्रॉइंग उशिरा मिळालं, काहीही. पण त्या पॉइंटबाई. सरळ म्हणाल्या, "माझ्या दिराचं काम होतं. बाकी सगळ्यांचं मोजते, त्यांचं कधी मोजलं नाही. घरच्या माणसावर टेप कशी लावायची, असं वाटायचं. ते माझं चुकलं."

मालकांचा चेहरा उतरला. मला उभ्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईला वाचवायला म्हणून मी ते पट्टे टाकले, ती माझ्यामुळे सगळ्यांसमोर आपल्या हाताने स्वतःला खिडकीत परत पाठवत होती. मी पुढे झालो. "साहेब, पट्टे मी टाकले. यांना न सांगता टाकले. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

इन्स्पेक्टरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मिस्त्री, तुम्हाला मी काही विचारलं का?" मी मागे सरलो. त्याने वहिनींना विचारलं, "आणि उरलेले पाच?"

"पाचही मोजीन. सगळ्यांसमोर मोजीन."

तो थोडा वेळ पानं उलटत बसला. मग मालकांना म्हणाला, "मी वर्षाला चाळीस कारखान्यांत जातो. सगळीकडे मला एकच पान मिळतं. त्यावर एकच आकडा असतो, आणि तो नेहमी मर्यादेच्या आत असतो. मग वर्षभराने पंप बंद पडतो, आणि तो का पडला हे कोणालाच माहीत नसतं." त्याने पेन काढलं. "उरलेल्या पाच पंपांना मी येणार नाही. या बाईंची सही असली की आम्ही ते घेऊ. यांचा हुद्दा काय लिहू?"

मालकांनी एकदा वहिनींकडे बघितलं, एकदा त्या चार पानांकडे. मालक कसेही असोत, हिशोबाला पक्के. घसा साफ करून म्हणाले, "चाचणी विभाग प्रमुख. लिहा." इन्स्पेक्टरने लिहिलं. वहिनींनी पदाखाली सही केली, आणि सवयीने शेजारी वेळही लिहिली.

आता सोमवारचं सांगतो. दुसऱ्या पंपाचं स्टूल मी तयार केलं होतं. ड्रॉइंगप्रमाणे, एक केस इकडचा तिकडे नाही. माझ्या मनात आलं, आता काय, सगळं समजलं, सगळं मिटलं, वहिनी दारात येतील आणि विचारतील, झालं का भाऊजी? त्या आल्या. हातात ड्रॉइंग आणि दुसऱ्या हातात टेप. शेडमधला खणखणाट एकदम थांबला. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

खरं सांगतो, मला राग आला. त्यांनी इन्स्पेक्टरला शब्द दिला होता हे ठाऊक असूनही आला. एकतीस वर्षं! वहिनीही दारात थबकल्या होत्या. त्यांना ते किती जड जातंय हे दिसत होतं. त्या परत फिरल्या असत्या तर मी काही म्हटलं नसतं, आणि त्याही काही म्हणाल्या नसत्या, आणि टपरीवर माझी ऐट कायम राहिली असती.

मी हातमोजे काढले आणि टेपचं एक टोक धरलं. "घ्या वहिनी," मी म्हटलं. "कुठून सुरू करायचं?"

पाऊण तास लागला. उंची, जाडी, खिडक्या, बोल्टची भोकं, एकेक करून. एक खिडकी तीन मिलिमीटर लहान निघाली. माझ्याकडे बघून वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ही वाढवावी लागेल." मी वाढवली. त्यांनी परत टेप लावली. मग खिशातून पांढरा मार्कर काढला आणि स्टूलच्या कडेला लिहिलं, 'मोजलं, बरोबर'. खाली सही आणि तारीख.

माझं काम चांगलं आहे हे मला आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं. न बघता सांगितलं होतं. पाऊण तास वाकून, डोळे फोडून बघून, मग बरोबर म्हणणारं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं, आणि ते माझ्याच घरातलं निघालं. रंगारी हिरवा रंग घेऊन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, एवढ्या दोन ओळींवर रंग घालू नको, नुसतं वार्निश मार.